बोलणारे : दोन

१

पप्पाचं स्वरयंत्र सव्वीस तारखेला काढायचं ठरलं, आणि त्याआधी त्याचा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसरं होतं कोण? मला भावंडं नाहीत. आई माझ्या लहानपणीच घटस्फोट घेऊन माल्मोला गेली, तिथे दुसऱ्या नवऱ्याबरोबर मजेत आहे. शिवाय 'उलरीकाचा कान म्हणजे कान' असं पप्पानेच गावभर सांगून ठेवलेलं. मी इथे उत्तरेत, उमेओच्या नगरपालिकेत पाण्याची गळती शोधते. बर्फात उभं राहायचं, हेडफोन लावायचे आणि रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय ते ऐकायचं. वीस वर्षं हेच करतेय.

रुग्णालयाने तीनशे दहा वाक्यांची यादी दिली होती. ती पप्पाने वाचायची. त्यावरून त्याच्यासाठी आवाज तयार होणार, म्हणजे ऑपरेशननंतर त्याने टॅब्लेटवर बटण दाबलं की टॅब्लेट त्याच्यासारखं बोलणार. ट्यूमरमुळे त्याचा आवाज आधीच चिरकत चालला होता, रोज पाऊण तासाच्या वर टिकत नव्हता. हातात नऊ दिवस होते. आता नीट भरला नाही तर एव्हर्ट नावाच्या माणसाचा, माझ्या पप्पाचा, आवाज पुन्हा कुणालाच ऐकता येणार नव्हता. मला तर नाहीच, आणि ते मला सहन झालं नसतं.

"सॉफ्टवेअर कुठलंही चालेल," स्पीच थेरपिस्ट लोवीसा फोनवर म्हणाली. ती दक्षिणेकडची, बोलते भराभर. "फक्त फाइल स्वच्छ हवी. खरखर नको, श्वासाचे आवाज नकोत. आणि दर वेळी सुरुवातीला रिकाम्या खोलीची अर्धं मिनिट शांतता भरा. मग प्रोग्रॅमला कळतं की ही खोली अशी वाजते, आणि तो तेवढी खोली वजा करून टाकतो."

'कुठलंही चालेल' असं म्हणायला लोकांचं काय जातं! मी शनिवारची अख्खी दुपार ह्याचं-त्याचं मत वाचण्यात घालवली. शेवटी दोन उरले. एक फुकटचा, राखाडी, जुन्या वॉशिंग मशीनवर असतात तशी बटणं. दुसरा तीस दिवस वापरून बघा म्हणणारा, देखणा, मागाल ते करणारा. त्यात एक बटण नुसतं 'श्वास पुसा' असं होतं. लोवीसाला आवडला असता.

मी आतल्या खोलीच्या दाराला घोंगडी लावली, भिंतींना रजया टांगल्या. पप्पा उंबऱ्यात उभा राहून बघत होता.

"हे सगळं माझ्यासाठी की बटाटे ठेवणारेस?"

"तुझ्यासाठी. बटाटे इतकी किरकिर करत नाहीत. सोमवारी दहाला सुरू करू?"

त्याने श्वास आत ओढला. श्शूप्.

हे सांगायला हवं. आमच्याकडे वर उत्तरेत 'हो' तोंडाने फारसं म्हणत नाहीत. ओठांचा चंबू करायचा आणि पटकन श्वास आत घ्यायचा. बशीतून गरम कॉफीचा भुरका मारावा तसं. झालं, हो म्हणून. लोवीसाने पप्पाकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती खुर्चीतून उठली होती. तिला वाटलं, ह्याचा श्वास अडकला.

२

सोमवारी फुकटच्या प्रोग्रॅमने सुरुवात केली. आधी रिकामी खोली. फ्रिजची पिन काढली, भिंतीवरचं घड्याळ काढून गाडीत ठेवलं. पप्पाला बर्फ ओढायला बाहेर पाठवलं, बटण दाबलं, घोंगडी खाली सोडली आणि स्वयंपाकघरात येऊन खिडकीशी उभी राहिले. पप्पा लाकडाच्या खोपीपर्यंत वाट मोकळी करत होता. स्वच्छ ऊन पडलं होतं. मी मनात तीस मोजले.

मग आत जाऊन ऐकलं. शांतता चांगली होती, कापसासारखी. एकोणिसाव्या सेकंदाला श्शूप्.

हलकंच होतं, दाराच्या बाजूने आलेलं. मी पुन्हा ऐकलं. मग आवाज वाढवून ऐकलं. कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि दुसऱ्याने हो म्हटलंय, इतकं साधं.

मी घाबरले नाही. माझ्या धंद्यात असं होतं. एकदा एका शाळेच्या अंगणाखाली बाई रडतेय असं मला स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि चार तास खणल्यावर गंजलेला व्हॉल्व्ह निघाला. तेव्हापासून ऑफिसात मला चिडवतात. म्हणून मी गाडीतून कामाची ऐकायची काठी आणली आणि घरातला एकेक पाइप तपासला. सगळे गप्प. मग चूल बघितली. विझलेली होती, पण धुराड्यातून वारा ओढला जातो. हेच असणार म्हणून मी झडप घट्ट लावली.

पप्पा आत आला, भिवयांवर बर्फ.

"तू मघाशी आत आला होतास का?"

"बूट काढून आत, परत बूट घालून बाहेर? ह्या वयात? ते मी दिवसातून एकदाच करतो."

मग त्याने पहिली चाळीस वाक्यं वाचली. 'माझा चष्मा कुठे आहे.' 'आज मासे नकोत.' 'दूरदर्शनचा आवाज कमी करा.' तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून वाचत होता, आणि त्याचा आवाज इतका त्याचा होता की मला दोनदा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे तोंड फिरवावं लागलं.

फुकटच्या प्रोग्रॅमने खोली वजा केली. श्शूप् मात्र तसंच राहिलं.

३

म्हणून मंगळवारी मी देखणा प्रोग्रॅम घेतला. झडप बंद, काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. त्या दिवशीची वाक्यं प्रश्नांची होती. 'दार उघडू का?' 'तुला थंडी वाजते का?' 'इथे बसू का?' मी हेडफोन लावून समोरच होते. पप्पाचा आवाज आणि त्याच्या खुर्चीची कुरकुर, ह्यापलीकडे मला काही ऐकू आलं नाही. प्रत्येक प्रश्नानंतर तो जरा थांबायचा, मग पुढचं वाचायचा. मला वाटलं, दम खातोय.

तो जेवणाआधी आडवा झाला, तेव्हा मी फाइल उघडली. हा प्रोग्रॅम आपणहून आवाज ओळखतो, प्रत्येक माणसाला वेगळा रंग देतो. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'बोलणारे : दोन'.

मी एक शब्दही बोलले नव्हते.

पप्पा निळा होता. दुसऱ्याला पिवळा रंग दिला होता, आणि पिवळं फार थोडं होतं. प्रत्येक प्रश्नानंतर एक बारीक रेघ. मी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. 'दार उघडू का?' श्शूप्. 'तुला थंडी वाजते का?' श्शूप्. 'इथे बसू का?' श्शूप्. कालच्यासारखं दाराकडून नव्हतं. खोलीतूनच येत होतं, पप्पाच्या उजव्या हाताला, जिथे रजया आहेत आणि माणूस उभा राहील एवढी जागा आहे.

मी त्या जागेकडे बघितलं. रजया होत्या. उन्हाचा एक पट्टा होता. मी उठून त्यातली एक रजई बाजूला करून बघितली, आणि आपण हे खरंच करतोय ह्याची मला लाज वाटली. मागे भिंत होती.

लोवीसाला फोन लावला. सगळं सांगितलं नाही, बोलणारे दोन एवढंच सांगितलं.

"अहो, होतं तसं," ती म्हणाली. "आवाज चिरका झाला की प्रोग्रॅमला ती दोन माणसं वाटतात. मागे एका बाईंच्या फाइलमध्ये त्याने पाच माणसं मोजली होती. श्वास पुसायचं बटण आहे ना? दाबून मोकळ्या व्हा."

मला इतकं हायसं वाटलं की मी फोनवर हसले. दोन माणसं म्हणे. साधी गोष्ट होती. मी बटण दाबलं. प्रोग्रॅमने मोजून एकोणपन्नास श्वास पुसले आणि पिवळा रंग गेला. कोपऱ्यात आलं, 'बोलणारे : एक'. मी भांडी घासली, फ्रिजची पिन लावली, आणि संध्याकाळी पप्पाला बाहीला धरून ऐकायला बसवलं.

४

यादीबरोबर थोड्या साध्या गप्पाही भरायच्या होत्या. त्यासाठी बुधवारी शेजारची हेल्वी आली. हेल्वी पंच्याहत्तरची, जन्माने फिनलंडची, पप्पाशी भांडल्याशिवाय तिला कॉफी गोड लागत नाही. वीस मिनिटं दोघं बोलत होती. मूस हरणं ह्या वर्षी कमी दिसली, नव्या पाद्रीणबाई गाडी वेड्यासारखी चालवतात, हेल्वीचा जावई कामाचा नाही. मी सगळं भरलं, श्वास पुसले, आणि दोघांना ऐकवलं.

हेल्वी ऐकताना हसत होती. पप्पा हसत नव्हता.

"हा कोण आहे?" तो म्हणाला.

"तूच."

"मी नाही. हा माणूस कशालाच हो म्हणत नाहीये. हेल्वी एवढी बोलतेय आणि हा नुसता दगडासारखा बसलाय."

"तू तसाच आहेस," हेल्वी म्हणाली, पण तिचंही हसू गेलं. खरंच होतं ते. बटणाने त्याचा प्रत्येक होकार पुसला होता. उरला होता तो एक रागीट म्हातारा, म्हातारीला एकटीला बोलू देणारा.

"होऊ दे," मी म्हटलं. "यादीत 'हो' आहे. एकशे बारा नंबर."

"तसलं हो मी आयुष्यात दोनदा म्हटलंय. एकदा तुझ्या आईला आणि एकदा सैन्यात." त्याने गळ्यावरून बोट फिरवलं. "आणि सव्वीसनंतर इथल्या भोकातून श्वास. तोंडाने ओढता येणार नाही. विचारलंय मी डॉक्टरला."

तीनशे दहा वाक्यं कुणीतरी दक्षिणेत बसून लिहिली होती, आणि त्यात चष्मा होता, मासे होते, दूरदर्शन होतं. पप्पाचं हो नव्हतं. आणि मी, इथेच जन्मलेली, कान म्हणजे कान, दोन दिवस बसून तेच शोधून शोधून पुसत होते. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"पुसणारा नको," पप्पा म्हणाला. "तो राखाडी बरा. तो काही शिकवत नाही."

"त्यात सगळंच राहतं," मी म्हटलं.

"राहू दे की."

त्याला मी पिवळ्या रंगाबद्दल सांगितलं नव्हतं. हेल्वी गेल्यावर मी अंगणात जाऊन धुराड्याकडे बघितलं. एक ठेवायचं तर दुसरंही ठेवावं लागणार होतं. माझं डोकं सांगत होतं, दुसरं काही नाहीच, धुराडं आहे, चिरका आवाज आहे. पण धुराडं बंद होतं, आणि चिरका आवाज रिकाम्या खोलीत नसतो.

५

उरलेले दिवस आम्ही राखाडी प्रोग्रॅमवर सगळं नव्याने भरलं. त्याचे होकार मी वेगळे घेतले. मी काहीबाही विचारायची, तो ओढायचा. भूक लागली? श्शूप्. हेल्वीचा जावई आळशी आहे? दोनदा श्शूप्. असे एकतीस जमले.

रोज सुरुवातीला रिकामी खोली भरायची, आणि रोज त्यात तो एक होकार असायचा. मी ऐकायचं बंद केलं असतं, पण माझ्याने राहवेना. रोज तो जवळ येत होता. रविवारी तो माइकच्या इतका जवळ होता की ओठ वाजलेले कळले. प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि उत्तर हो होतं. कशाला हो, ते मी मनात येऊ देत नव्हते, पण डॉक्टरांनी धोक्याची टक्केवारी सांगितली होती, आणि ती मला पाठ होती.

सोमवार चोवीस. शेवटची दहा वाक्यं. मी यादी शेवटपर्यंत आधी वाचून ठेवली नव्हती, तीच चूक झाली. पप्पाने तीनशे नऊ वाचलं, पाणी प्यायला, आणि मी कागदावर शेवटची ओळ बघितली.

'मी आता निघू का?'

"हे नको," मी म्हटलं.

"का?"

"एवढ्याने काही बिघडत नाही. तीनशे नऊ पुरे."

"इतकं वाचलं आणि शेवटचं सोडू? पाहुण्यांकडून उठायला मला हेच तर लागणार. हेल्वीकडे तर पाचव्या मिनिटाला."

"पप्पा, सोड म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग का कोण जाणे, त्याने मान उजवीकडे वळवली, रजयांच्या बाजूला, आणि कागद न बघता विचारलं, "मी आता निघू का?"

हेडफोन माझ्या कानावर होते. मी त्याच्याकडे बघू शकले नाही, म्हणून दाराकडे बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते, स्वयंपाकघरातलं ऊन घोंगडीच्या कडेने आत येत होतं. चुलीची झडप मीच लावली होती, खिडक्यांना थंडीसाठी पट्ट्या होत्या. आणि घोंगडी हळूहळू आत यायला लागली. मधोमध, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, कापड खोलीच्या दिशेने फुगलं. पलीकडून कुणी ढकलत नव्हतं. आतून ओढलं जात होतं. खोलीतला सगळा वारा कुणीतरी छातीत भरून घेत असावं तसं. माझ्या कानांत दडा बसला.

मी वाट बघत होते, आत्ता येईल.

घोंगडी तशीच राहिली. किती वेळ, ते मी नंतर फाइलवर मोजलं, अकरा सेकंद. मग ती सैल होऊन सावकाश जागेवर गेली. होकार आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतर फाइलमध्येही नाही.

"झालं?" पप्पाने विचारलं.

मी बटण बंद केलं. मी म्हटलं, झालं, कॉफी ठेवते.

६

सव्वीसला ऑपरेशन नऊ तास चाललं. मी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसून एक दालचिनीचा बन चार तास पुरवला. पाच वाजता सर्जनबाई खाली आल्या आणि टोपी काढत म्हणाल्या, सगळं निघालं, कडा स्वच्छ आहेत. मला रडू आलं. त्यांनी मला कागदी रुमाल दिला आणि माझ्याशेजारी बसून उरलेला बन खाल्ला.

पप्पा एप्रिलच्या सुरुवातीला घरी आला. छपरावरून बर्फाचं पाणी टपटपत होतं. हेल्वीने कॉफी केली, चीज आणलं, आणि मी टॅब्लेट टेबलावर ठेवला. आवाज छान झाला होता. थोडा जास्त शहाणा वाटत होता, पण पप्पाच होता. त्याने 'आज मासे नकोत' दाबलं आणि हेल्वी इतकी हसली की तिला ठसका लागला.

सगळ्यात मोठं बटण मी होकाराचं केलं होतं. एकतीसमधला सगळ्यात स्वच्छ निवडून टाकला होता.

"आणखी ओतू?" हेल्वीने विचारलं.

त्याने दाबलं. श्शूप्.

त्याचा हात बटणावरच थांबला. मग त्याने वही ओढली आणि लिहिलं, 'हा माझा नाही.'

मी फाइल उघडून बघितली. बत्तीस होते. मी मोजले होते ते एकतीस. माझ्या अंगावर काटा आला, पण तो फार वेळ टिकला नाही. समोर उन्हात पप्पा बसला होता, जिवंत, मिशीला चीज लागलेलं.

"चुकून आला," मी म्हटलं. "काढते. तुझा टाकते."

त्याने टॅब्लेटवर पंजा ठेवला. मग वहीत लिहिलं. त्याचं अक्षर मोठं, लाकडाच्या ओंडक्यांवर खडूने लिहायचा तसं.

'राहू दे. निघू का विचारलं तेव्हा हा गप्प बसला.'

मी ते दोनदा वाचलं. हेल्वी कॉफीचं भांडं हातात धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"पप्पा, म्हणजे तुला तेव्हा ऐकू येत होतं? रोज?"

पप्पाने हात उचलला आणि मोठं बटण दाबलं.